स्वच्छ मैदानावरचे सात कर्णे

निसर्ग ही अत्यंत मौल्यवान गोष्ट असून तिच्याकडे कुणी पाहुणा येणार असेल तर ती आधी झाडून घेतली पाहिजे, याबद्दल सुसंस्कृत समाजात दुमत नाही. घरी पाहुणे येणार म्हटलं की आपण खुर्चीवरचे कपडे कपाटात कोंबतो, पोरांची नाकं पुसतो आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला धुतलेला सदरा चढवून कोपऱ्यात बसवतो. मग निसर्गानेच आपलं असं काय घोडं मारलंय, की त्याला पारोसा, दाढी वाढलेला, जसाच्या तसा लोकांपुढे उभा करावा?

आमचं उद्यान खातं याच तत्त्वावर उभं आहे. मी या खात्याचा प्रभारी अधीक्षक. ('प्रभारी' म्हणजे असं, की काम पूर्ण अधीक्षकाचं, खुर्ची पूर्ण अधीक्षकाची, शिव्याही पूर्ण अधीक्षकाच्या; फक्त खरा अधीक्षक अजून यायचा आहे.) हा शब्द मला इतकी वर्षं चिकटून आहे, की शाळेत वडिलांचा हुद्दा विचारला तेव्हा माझ्या मुलीने आधी 'प्रभारी' म्हटलं आणि पुढचं विसरली.

खात्याची कार्यपद्धती सोपी आहे. पाहुणा येणार असं कळलं की गवत कापायचं, औषध फवारायचं आणि कडेने पांढऱ्या फक्कीची रेघ मारायची. पाहुणा मोठा असेल तर रेघ दोनदा. एकदा एक वनस्पतीशास्त्रज्ञ आमच्याकडचं कुठलंसं दुर्मिळ गवत पाहायला येणार होते. त्यांच्यासाठीही आम्ही काही कमी केलं नाही. ते बराच वेळ त्या पांढऱ्या रेघेकडे पाहत उभे राहिले आणि काही न बोलता परत गेले. त्यांचं आभाराचं पत्र अजून आलेलं नाही, पण टपालाची अवस्था आपण जाणताच.

तर, गावाच्या कडेला, बंद पडलेल्या कारखान्याच्या मागे एक मैदान आहे. मैदान म्हणायचं ते कागदावर. प्रत्यक्षात गुडघ्याएवढं गवत, मध्ये एक पाणथळ खड्डा, काटेरी झुडपं आणि संध्याकाळ झाली की रातकिड्यांची अशी किरकिर, की शेजारी उभ्या माणसाशी ओरडून बोलावं लागे. नागरिकांच्या तक्रारी असत. (तक्रारींचे प्रकार : किडे ओरडतात, किडे फार ओरडतात, आमच्या बाजूचे किडे पलीकडच्या वस्तीपेक्षा जास्त ओरडतात, हा पक्षपात आहे.)

याच सुमारास आमचे मोठे साहेब परदेशी अभ्यासदौऱ्यावरून परत आले. बाजारातून परत आलेला माणूस आणि अभ्यासदौऱ्यावरून परत आलेला माणूस यांच्यात फरक एवढाच, की बाजारातून आलेल्याला काय आणलं ते सांगता येतं. पण या खेपेला साहेबांनी खरोखरच एक कल्पना आणली होती. उघड्यावरची ध्वनिकला. तिकडे म्हणे माळावर, जंगलात, तळ्याकाठी आवाजाची शिल्पं उभारतात. लोक लांबून येतात, ऐकतात आणि न बोलता परत जातात. न बोलता परत जाणारे नागरिक, ही गोष्ट साहेबांच्या मनात फार भरली.

मग एका कलाकार बाईंना बोलावण्यात आलं. बाई गुणी होत्या, यात वादच नाही. पहिले काही दिवस त्या गवतात कान जमिनीला लावून पालथ्या पडून असत. माझ्या माळ्यांना वाटलं भोवळ आली, म्हणून त्यांनी दोनदा बाईंच्या डोक्यावर पाणी मारलं. बाई रागावल्या नाहीत. उठून, केस पिळत त्या मला म्हणाल्या, "सर, इथे रोज संध्याकाळी केवढी मैफल होते! आणि ऐकायला एक माणूस येत नाही."

मी म्हणालो, "तक्रार करायला येतात."

बाईंनी सात कर्णे केले. लाकडी, वाकडे, माणसाच्या दुप्पट उंचीचे. त्यांचं रुंद तोंड गवताला टेकलेलं आणि निमुळतं टोक वर जाऊन पुन्हा खाली वळून आपल्या कानाशी आलेलं. प्रत्येकाजवळ एक बाक. आत यंत्र नाही, तार नाही, ध्वनिमुद्रण नाही. गवतातले किडे जे काही गातील ते कर्णा गोळा करून कानात ओतणार. एका कर्ण्यात नाकतोडे, दुसऱ्यात पाण्याकाठचे किडे, तिसऱ्यात रातकिडे, अशी जागा पाहून वाटणी केलेली. मी विचारलं, "म्हणजे कलाकृती नक्की कुठली? कर्णा?" बाई म्हणाल्या, "नाही. किडे." मी मान डोलावली. मान डोलावणं हा माझ्या नोकरीचा गाभा आहे.

तिसरा कर्णा उभा झाला त्या संध्याकाळी मी नानांना घेऊन गेलो. नाना म्हणजे माझे वडील. उभं आयुष्य त्या शेजारच्याच कारखान्यात यंत्रांवर गेलं. पाळी संपली की सगळे घरी जात, नाना आधी या मैदानावर येऊन बसत. कारण विचारलं तर सांगत, "भोंगा झाला तरी डोक्यातली यंत्रं थांबत नाहीत रे. किडे ऐकू यायला लागले, की समजायचं थांबली. मग घरी यायचं." पुढे कारखाना थांबला आणि नानांचे कानही. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की बारीक आवाज आधी जातात. माणसांचं बोलणं, भांड्यांचा आवाज, सुनेची हाक (ही कुणालाही येईल) नानांना ऐकू येत असे. किडे मात्र गेले होते. कानाचं यंत्र घ्यायला ते तयार नव्हते. म्हणत, "डोक्यात आहेत तेवढी यंत्रं पुरेत."

बाईंनी त्यांना बाकावर बसवलं आणि कर्ण्याचं टोक कानाशी आणून दिलं. नाना थोडा वेळ कपाळाला आठ्या घालून बसले. मग आठ्या गेल्या. मग त्यांनी माझा हात धरला आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात ओरडले, "अरे, आहेत की! सगळे आहेत! मला वाटलं मेले!"

त्यानंतर नाना रोज संध्याकाळी तिसऱ्या कर्ण्याला कान लावून बसू लागले. घरी आले की जेवताना बडबड करत. डोक्यातली यंत्रं थांबलीत, म्हणून पोरीला सांगत. तिला वाटे, आजोबा गोष्ट सांगतायत. माझ्या बायकोने तर बाईंना जेवायला बोलावलं आणि बाई गेल्यावर मला म्हणाली, "तुमच्या खात्याने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी धड केलं." मी खात्याच्या वतीने आभार मानले.

उद्घाटन ठरलं. बाईंनी मला बजावलं, की मैदानाला हात लावू नका. मग पुन्हा बजावलं. मग माझ्या माळ्यांना गोळा करून बजावलं. मी प्रत्येक वेळी मान डोलावली. पण पाहुण्यांची यादी वाढत गेली. आधी नुसते साहेब होते. मग नगरपालिकेचे अध्यक्ष आले, मग उपाध्यक्ष (अध्यक्ष काय बोलतात ते पाहायला), मग दोघांच्या पत्नी. साहेबांनी मला खोलीत बोलावलं.

"अहो, अध्यक्ष येतायत. त्यांना किड्यांचं वावडं आहे. कीटककलेच्या उद्घाटनाला अध्यक्षांना कीटक चावला तर पेपरवाले काय लिहितील?"

मी म्हणालो, "पण बाई म्हणतात..."

"बाई कलाकार आहेत हो. त्यांना काय जातंय म्हणायला? मैदान नीट करून घ्या. आणि कार्यक्रम सुरळीत झाला, तर तुमच्या त्या 'प्रभारी'चंही बघू काहीतरी."

इथे एक खुलासा केला पाहिजे. आमचं औषध एरवी इतकं पाणी मिसळून येतं, की किडे त्याने मरत नाहीत. त्यांची आंघोळ होते. किडे आणि खातं यांचा वर्षानुवर्षांचा सलोखा या पाण्यावर टिकून होता. या खेपेला मात्र साहेबांनी जातीने लक्ष घातलं आणि औषध अस्सल आलं. आम्ही गवत कापलं, फवारलं, पुन्हा फवारलं, खड्ड्यात भराव टाकला आणि पांढरी रेघ तीनदा मारली. इतकं देखणं मैदान माझ्या कारकिर्दीत झालं नव्हतं. सात कर्णे त्या गुळगुळीत जमिनीवर तोंड टेकवून उभे होते.

उद्घाटनाच्या संध्याकाळी बाई आल्या आणि फाटकातच थबकल्या.

"गवत कुठे गेलं?"

"कापलं," मी म्हणालो.

"आणि किडे?"

"त्यांची अजिबात काळजी करू नका. एक शिल्लक नाही."

बाईंचा चेहरा मी आजही विसरलेलो नाही. त्या धावत पहिल्या कर्ण्याकडे गेल्या, कान लावला, दुसऱ्याकडे गेल्या. साहेबांना काहीतरी सांगण्यासाठी त्या वळल्या तोच अध्यक्षांची गाडी आली. आता अध्यक्षांच्या गाडीपुढे उभं राहून बोलायची पद्धत आमच्याकडे नाही. अध्यक्ष थेट तिसऱ्या कर्ण्याशी गेले, बाकावर बसले, कान लावला आणि डोळे मिटले. सगळं मैदान गप्प. मला वाटलं, आता 'प्रभारी'ही राहत नाही.

"वा!" अध्यक्ष म्हणाले. "काय सूर लागलाय!"

त्यानंतर कार्यक्रम सुरळीत झाला. कुणाला काय ऐकू आलं याची नोंद खात्याकडे आहे, ती अशी. उपाध्यक्षांना अध्यक्षांना ऐकू आला तोच सूर आला, किंचित खालच्या पट्टीत. शिक्षणाधिकाऱ्यांना आपलं बालपण ऐकू आलं. अध्यक्षांच्या पत्नीला "जरा हळू येतोय, पण येतोय." हिशेबाचे अधिकारी गडबडीत कर्ण्याच्या उलट्या बाजूला, म्हणजे जमिनीशी ओणवे झाले, त्यांनाही आला. संगीत विद्यालयाचे प्राचार्य सर्वात जास्त वेळ बसले. ते म्हणाले, हा सूर नाहीच, ही दोन सुरांमधली रिकामी जागा आहे. (तांत्रिकदृष्ट्या हे अचूक होतं.) वार्ताहराने कान लावलाच नाही, अध्यक्षांना विचारून लिहून घेतलं. बाई या सगळ्यात मानचिन्ह हातात धरून उभ्या होत्या. त्यांनी दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा टाळ्या झाल्या.

आणि मग साहेबांनी मोठ्या कौतुकाने जाहीर केलं, की आमच्या अधीक्षकांचे वडील याच कारखान्यातले जुने कामगार आहेत आणि या कलाकृतीचे पहिले श्रोते. (साहेब 'प्रभारी' म्हणायचं विसरले, हे माझ्या लगेच ध्यानात आलं.) नाना पुढे आले. धुतलेला सदरा होता. ते आपल्या नेहमीच्या बाकावर बसले आणि कान लावला.

बराच वेळ गेला. नानांनी दुसरा कान लावला. मग कर्ण्यावर बोटाने टकटक केली. मग रांगेकडे पाहिलं, अध्यक्षांकडे पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे.

"येतोय का रे आवाज?"

साहेब माझ्या शेजारी उभे होते. मी म्हणालो, "येतोय ना, नाना. छान येतोय."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"मग गेले," नाना म्हणाले.

"काय गेले?"

"कान रे. आणखी काय जायचं राहिलंय?"

लोकांना वाटलं म्हातारा भारावून गेला. टाळ्या झाल्या. मला फार वाईट वाटलं. खात्यातल्या माणसालाही वाईट वाटतं, फक्त ते कार्यालयीन वेळेबाहेर व्यक्त करावं लागतं.

'प्रभारी' गेला. दारावरची पाटी नवी आली. कलाकृतीला राज्यस्तरावरचं पारितोषिक मिळालं आणि मैदान 'जतन करण्याजोगं कलास्थळ' म्हणून जाहीर झालं. जतन करायचं म्हणजे स्वच्छ ठेवणं आलं, म्हणून आता तिथे नियमित फवारणी होते. औषध पुन्हा पाणी मिसळूनच येतं, पण आता आंघोळीला कुणी उरलेलं नाही. बाईंनी सुरुवातीला दोन-तीनदा साहेबांना भेटून खरं सांगायचा प्रयत्न केला. साहेबांनी त्यांना आणखी चार मैदानं दिली. हल्ली बाई व्याख्यानांतून अभावाच्या ध्वनीबद्दल बोलतात. फार चांगलं बोलतात, पण श्रोत्यांकडे बघत नाहीत.

नागरिकांचे अभिप्रायही घेण्यात आले. समाधानी नागरिक शंभर टक्के निघाले. शंका आली म्हणून पुन्हा मोजले, तर एकशे दोन टक्के. काहींनी रांगेत उभे असतानाच एकदा आणि कान लावल्यावर एकदा असं दोनदा समाधान नोंदवलं होतं.

घरी मात्र नाना गप्प झाले. डोक्यातली यंत्रं परत सुरू झाली होती. जेवताना मध्येच हात थांबवून ते कपाळ दाबून धरत. पोरीने विचारलं, "आजोबा, यंत्रं थांबली का?" तर नाना म्हणाले, "आता पाळीच संपत नाही गं."

त्या दिवशी बायकोने मला स्वयंपाकघरात गाठलं. "अहो, सांगून टाका त्यांना."

"काय सांगू?"

"की आवाज येतच नाही म्हणून! तुम्ही किडे मारलेत म्हणून!"

"मग अध्यक्षांनी काय ऐकलं?"

"खड्ड्यात गेले तुमचे अध्यक्ष."

(खड्डा आम्ही बुजवला आहे, हे मी तिला सांगितलं नाही.)

मी सांगितलं. नवी पाटी, नवी खुर्ची, सगळं बाजूला ठेवून नानांच्या पुढ्यात बसलो आणि ओरडून सांगितलं, की नाना, फवारणी मीच केली, किडे मेले, कर्ण्यात काही नाही, तुमचे कान होते तसेच आहेत. नानांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग माझ्या पाठीवर हात ठेवला.

"मला बरं वाटावं म्हणून बोलतोस."

"नाही हो नाना, खरंच!"

"किडे मेले, तर त्या एवढ्या माणसांनी काय ऐकलं? एवढी शिकलीसवरलेली माणसं, लहानथोर, सगळी खोटं बोलतील? आणि तूसुद्धा?"

माझ्या सगळ्या नोकरीत इतका बिनतोड प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

"हे बघ," नाना म्हणाले, "तू माझा पोरगा, तुझं मी धरत नाही. पण परका माणूस माझ्यासाठी कशाला खोटं बोलेल? मी जातो, बाकावर बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतो. एक जरी 'नाही आला' म्हणाला ना, तर तुझं खरं. मग कान शाबूत आहेत म्हणायचं आणि दुसरं कुठलं तरी गवत शोधायचं."

तेव्हापासून नाना रोज संध्याकाळी तिसऱ्या कर्ण्याजवळ बसतात. मी वाट बघतो. घरी आले, की बायको दारातच त्यांच्या तोंडाकडे बघते. ते चपला काढतात, मान हलवतात आणि म्हणतात, "आज सगळ्यांना आला."

सांगायला लाज कसली, मीही आजवर बऱ्याच जणांना ही सगळी हकीकत खासगीत सांगून मैदानावर धाडलं आहे. त्यात मित्र आहेत, नातेवाईक आहेत, दोन डॉक्टर आहेत. त्यापायी नोकरी गेली तरी बेहत्तर, असं मला संध्याकाळी वाटतं. (सकाळी वाटत नाही.) पण नोकरीला अजून धक्का लागलेला नाही.

तेव्हा आपणही जरूर यावं. प्रवेश खुला आहे. पांढरी रेघ दिसली की आत वळावं. तिसऱ्या कर्ण्याजवळ धुतलेला सदरा घातलेले एक म्हातारे गृहस्थ बसलेले असतील. तुम्ही कान लावून उठलात, की ते विचारतील, "आला का हो आवाज?" आपण तर सरळ 'नाही' म्हणून मोकळे होऊ, असं तुम्हाला या क्षणी वाटत असणार. वाटू द्या. मी पाठवलेले सगळेही ही हकीकत ऐकताना असेच हसले होते आणि 'लोक तरी काय असतात!' म्हणाले होते. मग ते मैदानावर गेले, मागे रांग होती, बरोबर मुलंबाळं होती, समोर फलकावर 'काय सूर लागलाय!' हे अध्यक्षांचं वाक्य होतं. त्यांनी कान लावला, थोडा वेळ डोळे मिटले आणि नानांकडे वळून म्हणाले, "हो, हो, आला की! फार गोड."